विशेष भागाचा पंचनामा

काल रात्री दोन तासांचा विशेष भाग झाला
आणि आज सकाळी बोहरी आळीत
कुणालाच काही कळलेलं नव्हतं.

मी कुलूप-किल्लीवाला. शेजारच्या टपरीत
अन्वर तांबोळी, घड्याळं दुरुस्त करतो,
डोळ्याला भिंग लावूनच बोलतो,
त्यामुळे तो कुणाकडे बघतोय ते समजत नाही.
"खून कुणी केला रे?" मी विचारलं.
"आधी मेलं कोण, ते सांग."

खरंच की. विहिरीत सापडलेली बाई
पाऊण तासाने पंगतीत जिलबी वाढत होती.
इन्स्पेक्टर रणपिसे विचारतात, "दार आतून बंद होतं?"
आणि हवालदार ढमढेरे म्हणतात,
"चहात साखर कमी आहे, साहेब."
रणपिसे मान डोलावतात.
जणू उत्तर मिळालं.

विजेच्या बिलामागे मी नकाशा काढला.
विहीर इथं, तिजोरी इथं,
पंगत कुठं ते देव जाणे.
बाण काढले, बाणांवर बाण,
शेवटी त्या कागदावर
पेठांतली एकेरी वाहतूक दिसायला लागली:
जायला सगळीकडून, पोचायला कुठूनच नाही.
आणि ती तिजोरी! सात लिव्हरचं कुलूप
केसाच्या पिनेने उघडत नाही हो.
तीस वर्षं टीव्हीला ओरडून सांगतोय.

अमृततुल्यातला भैरू चहा घेऊन आला.
त्याच्या फोनवर पुन्हा लावला भाग.
"थांबव," तांबोळी म्हणाला. "मागं घे.
ढमढेरेचं मनगट बघ.
विहिरीपाशी चामडी पट्टा, चौकीत स्टीलचा,
जिन्यावर परत चामडी.
एका दुपारी माणूस दोनदा पट्टा बदलत नाही."
मी त्याच्या कमरेचा जुडगा मोजला.
इथं पाच किल्ल्या. तिथं सात.
"मिशी पण," भैरू म्हणाला,
"इकडं काळी, तिकडं पांढरी.
आणि साहेब त्याच्याकडं बघतच नाहीत,
त्याच्या मागच्या भिंतीकडं बघतात."

पत्र्याच्या बादल्यांची हातगाडी खडखडत गेली.
ती जाईपर्यंत कुणी बोललं नाही.

आषाढात आली होती बातमी.
ढमढेरेचं काम करायचा त्या नटाची,
पाचवं पान, खालचा कोपरा, फोटो एवढासा.
मी वाचली होती,
आणि त्याच पानात
कुणाच्या तरी किल्ल्या गुंडाळून दिल्या होत्या.

म्हणजे हे उरलेले तुकडे.
कापून टाकलेले, चुकलेले, जुन्या भागांत न मावलेले,
ती जिलबीची पंगतसुद्धा.
लोक कपड्याला ठिगळ लावतात.
यांनी ठिगळं आधी मांडली
आणि त्यांच्याभोवती कपडा शिवला,
एक विहीर, एक तिजोरी, एक खून,
त्याला आणखी दोन तास उभं राहता यावं म्हणून.

साखरेचं ते वाक्य
कॅमेरा बंद झाला असं समजून म्हणाला असेल.

तांबोळीनं भिंग काढलं. सदऱ्याला पुसलं.
बावीस वर्षांत त्याचा उजवा डोळा
मी पहिल्यांदाच नीट पाहिला.
त्याच्या खणात लोकांनी परत न नेलेली घड्याळं आहेत,
एकोणीस की वीस.
दर गुरुवारी सगळ्यांना चावी देतो.
कशाला, ते मी कधी विचारलं नाही.
आज विचारणार होतो,
तेवढ्यात एक बाई आल्या, कुलपात मोडलेली
अर्धी किल्ली घेऊन, आणि घाईत होत्या.

त्या गेल्यावर भैरू ग्लास गोळा करत म्हणाला,
"पण मग खून कुणी केला?"

"तो राहू दे," तांबोळी म्हणाला.
"ती चहाची जागा आहे ना,
तेवढी परत लाव."